औषध तेच, माणूस वेगळा: जनुकाची टेस्ट कुणी, कधी करावी? (नाशिक)

गोदाकाठ (धागाकर्ता)

'तुमच्या जनुकांप्रमाणे औषध' अशा जाहिराती हल्ली फोनवर रोज येतात, आणि आरोग्य विभागात महिन्यातून दोन-तीनदा तोच प्रश्न पडतो: ही टेस्ट करून घ्यावी का? दर वेळी तेच टंकण्यापेक्षा एक धागा असू दे. लॅबवाले, हृदयवाले, भूलवाले, केमिस्ट, सगळ्यांनी आपापल्या खात्यातलं लिहावं. किस्से नकोत. औषध, डोस, वय, वजन, आकडे एवढंच. लॅबचं किंवा दवाखान्याचं नावही नको.

मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. माणसागणिक डोस म्हटलं की लोकांना आधी डीएनए आठवतो. ओपीडीत डोस चुकतो तो मात्र बहुतेक वेळा किडनी, वजन आणि शेजारी चालू असलेली दुसरी गोळी यांच्यामुळे. आणि हे तिन्ही तपासायला वजनकाटा, एक क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची साधी तपासणी) आणि गोळ्यांची पिशवी पुरते.

किडनीचं गणित हाताने करता येतं. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र: १४० मधून वय वजा करा, वजनाने (किलो) गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा.

७८ वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.०. रिपोर्टवर त्या १.० पुढे कसलीही खूण नाही, सगळं 'नॉर्मल'. गणित: ६२ × ४२ = २६०४, भागिले ७२ = ३६.२, गुणिले ०.८५ = ३१ च्या आसपास. तेच १.० क्रिएटिनिन असलेला ३० वर्षांचा, ७० किलोचा तरुण: १०७. रिपोर्टवरचा आकडा एकच आणि किडन्यांच्या कामात तिपटीहून जास्त फरक. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, तर ते वाढणार कुठून?

या आजींना लेव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज लिहिलं की चुकलं. सूत्राचं उत्तर २० ते ४९ च्या पट्ट्यात असेल तर ते ४८ तासांतून एकदा द्यायचं असतं. प्रीगाबालिन, डिगॉक्सिन, डाबिगाट्रान यांचंही असंच. मेटफॉर्मिनसाठी मात्र लॅब छापते तो ईजीएफआर (किडनीच्या कामाचा अंदाज) बघतात: ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही, आधीपासून चालू असेल तर दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जायचं नाही. सूत्र फसतं ते क्रिएटिनिन रोज चढत असताना, अंथरुणाला खिळलेल्या माणसात आणि पाय कापलेल्या माणसात. आणि वजन काट्यावर घ्यायचं, 'असेल पन्नासेक' असं नाही.

जनुकाची पाळी त्यानंतर. अपवाद मोजके, पण तिथे जनुक पहिल्या गोळीच्या आधी बघावं लागतं. ते खाली प्रतिसादांत येईलच.

एक सूचना: इथले आकडे वाचून कुणीही स्वतःची गोळी बंद करू नये. विशेषतः स्टेंटनंतरची आणि फिटची.

ठोका_बहात्तर

क्लोपिडोग्रेलपासून (स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) सुरू करतो, कारण अर्धे प्रश्न स्टेंटवाल्यांचे असतात.

ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ हे एंझाइम तिला कामाची करतं. या एंझाइमच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. *२ किंवा *३ हा प्रकार असेल तर ती प्रत निकामी. एक निकामी असेल तर 'इंटरमीडिएट', दोन्ही असतील तर 'पुअर' मेटाबोलायझर. भारतीयांत *२ ची वारंवारता साधारण ३० ते ३५ टक्के आहे. म्हणजे दर दहांत एक जण पुअर आणि चार-साडेचार इंटरमीडिएट. युरोपियनांत हे प्रमाण बरंच कमी, म्हणून तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लावू नयेत. अमेरिकेच्या एफडीएने पुअर मेटाबोलायझरबद्दलचा चौकटीतला इशारा २०१० मध्ये या औषधावर लावला.

रिपोर्ट पुअर आला तर पर्याय दोन. प्रासुग्रेल: पहिला डोस ६० मिग्रॅ, मग रोज १०. पूर्वी लकवा किंवा टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा लकवा) झालेला असेल तर प्रासुग्रेल द्यायचंच नाही. ७५ च्या वरचं वय किंवा ६० किलोच्या खालचं वजन असेल तर रक्तस्राव वाढतो, ५ मिग्रॅचा विचार करतात. टिकाग्रेलोर: १८० मिग्रॅ, मग ९० दिवसातून दोनदा. यात काहींना दम लागल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळची गोळी विसरणारे पुष्कळ. विसरणाऱ्याला दोन वेळची गोळी देणं म्हणजे एक भोक बुजवून दुसरं पाडणं. बघा, जनुकाने औषध सुचवलं आणि वय, वजन, जुना लकवा, सवय यांनी ठरवलं.

सरसकट सगळ्यांची टेस्ट करावी का, यावर एकमत नाही. २०२० च्या टेलर-पीसीआय अभ्यासात जनुक बघून गोळी बदलण्याचा फायदा ठरवलेल्या निकषाला थोडक्यात चुकला. माझं मत: हार्ट अॅटॅक येऊन स्टेंट पडला असेल, किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना स्टेंट परत बंद झाला असेल, तर टेस्ट करा. दहा वर्षांपूर्वीचा स्टेंट आणि सगळं सुरळीत, तर पैसे वाचवा.

रविवार_कारंजा

वरच्यात केमिस्टच्या काउंटरवरून एक भर. क्लोपिडोग्रेलसोबत पित्ताची गोळी बहुतेक चिठ्ठ्यांवर असते. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल हे दोघे तेच सीवायपी२सी१९ अडवतात. ज्याची जनुकं ठणठणीत आहेत तो माणूस ओमेप्राझोलमुळे इंटरमीडिएटसारखा वागायला लागतो. पॅन्टोप्राझोल त्या मानाने निरुपद्रवी. अडचण अशी की चिठ्ठीत पॅन्टो असतं, घरात आधीचं ओमेप्राझोल उरलेलं असतं आणि 'गॅसचीच तर आहे' म्हणून तेच घेतलं जातं. दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घेतल्याने हा परिणाम टळत नाही.

गोदाकाठ

याला फिनोकन्व्हर्जन म्हणतात. रिपोर्ट एक सांगतो, दुसऱ्या गोळीमुळे शरीर वेगळं वागतं. ठळक उदाहरण टॅमॉक्सिफेन. ते सीवायपी२डी६ मुळे कामाचं होतं आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ते एंझाइम जवळजवळ बंद पाडतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईंना नैराश्यासाठी गोळी द्यायची झाली तर हे दोन टाळून दुसरं निवडतात. जनुकाचा रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरीही.

मिसळपंथी

प्रश्न बाळबोध वाटेल. औषधासोबत 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' असं लिहिलेलं असतं. नाशिकमध्ये राहून द्राक्षं सोडायची की काय?

गोदाकाठ

द्राक्षं खुशाल खा. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गातलं फळ आहे, द्राक्षाशी त्याचं नावापुरतंच नातं. त्याच्या जवळचं आपल्याकडचं फळ म्हणजे पपनस, आणि पपनसाला हीच सूचना लागू. त्यातली फ्युरॅनोकुमारिन नावाची रसायनं आतड्याच्या भिंतीतलं सीवायपी३ए४ एंझाइम कायमचं निकामी करतात. नवं एंझाइम तयार व्हायला एक ते तीन दिवस जातात, त्यामुळे 'सकाळी फळ, रात्री गोळी' ही युक्ती चालत नाही. सिम्व्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, फेलोडिपिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी पपनस टाळावं. मोसंबी, संत्रं यांना हरकत नाही. डाळिंबाबद्दलही विचारलं जातं: प्रयोगशाळेत परिणाम दिसला, माणसांवरच्या अभ्यासांत तसा ठळक दिसला नाही.

जांभळी_नळी

आता सॅम्पल आणि रिपोर्ट.

रक्त २ ते ३ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत घेतलं तर हेपॅरिन पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) आड येतं. उपाशी असण्याची गरज नाही. नळी हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा, गुठळी झालेलं सॅम्पल परत येतं. मुंबई-पुण्याला पाठवायचं असेल तर फ्रिजच्या तापमानात, गोठवून नाही. गालाचा स्वॅब असेल तर आधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू काही नाही आणि चूळ भरून घ्यायची. मशेरी, गुटखा लावलेल्या तोंडातून घेतलेले स्वॅब बऱ्याचदा वाया जातात.

बोन मॅरो प्रत्यारोपण झालेलं असेल तर रक्तातून दात्याचं जनुक दिसतं, रुग्णाच्या लिव्हरचं नाही. ही गोष्ट फॉर्मवर लिहायचीच. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही लिहा. टीपीएमटीची (अॅझाथायोप्रिनसारखी औषधं तोडणारं एंझाइम) पातळी बघणारी टेस्ट त्याने हमखास चुकते, कारण ती लाल पेशींतून होते.

रिपोर्ट वाचताना सगळ्यात जास्त गैरसमज '*१' चा. '*१/*१' याचा अर्थ 'सगळं उत्तम' असा नाही. लॅबने शोधलेल्या यादीतलं काही सापडलं नाही, इतकाच. यादीत दोनच प्रकार असतील तर तिसरा असलेला माणूससुद्धा *१ म्हणूनच छापला जातो. म्हणून रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात 'तपासलेले प्रकार' अशी ओळ असते, ती आधी वाचा. ती ओळच नसेल तर लॅबला फोन करून मागा.

सीवायपी२डी६ साठी आणखी एक विचारायचं: कॉपी नंबर बघता का? या जनुकाची काही जणांत आख्खी प्रत गायब असते, काहींत जादा प्रती असतात. अक्षर-बदल तेवढे मोजणारी स्वस्त चिप हे पकडत नाही. जादा प्रती असलेल्या माणसात कोडीन, ट्रॅमॅडॉल झपाट्याने तीव्र रूपात बदलतं आणि श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये एफडीएने कोडीन १२ वर्षांखालील मुलांना वर्ज्य केलं त्याला हेच कारण.

ठोका_बहात्तर

अॅसिट्रॉमवाल्यांसाठी, म्हणजे अॅसेनोकुमारॉल, रक्त पातळ करणारी जुनी गोळी. नवी रक्त पातळ करणारी औषधं आली तरी धातूच्या व्हॉल्व्हवर ती चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने मायट्रल व्हॉल्व्ह आकसला असेल आणि ठोके अनियमित असतील, तर तिथेही जुनीच गोळी बरी. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात नव्यांपैकी रिव्हारोक्साबान मागे पडलं. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ.

आयएनआरचं (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) लक्ष्य: मायट्रल जागेच्या धातूच्या व्हॉल्व्हला २.५ ते ३.५, ऑर्टिक जागेच्या नेहमीच्या व्हॉल्व्हला दुसरी जोखीम नसेल तर २ ते ३.

जनुकं इथे दोन. व्हीकेओआरसी१ ठरवतं की गोळीचं निशाण किती नाजूक आहे. सीवायपी२सी९ ठरवतं की गोळी शरीरातून किती वेगाने जाते, आणि अॅसेनोकुमारॉलसाठी त्यातला *३ प्रकार महत्त्वाचा. पण वॉरफरिनवरचे २०१३ चे दोन मोठे अभ्यास बघा. युरोपातल्या ईयू-पॅक्टमध्ये जनुक बघून डोस ठरवण्याचा फायदा दिसला, अमेरिकेतल्या कोआगमध्ये नाही. कोआगमध्ये तर आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांत जनुकवाला गट उलट मागे पडला, कारण त्यांच्यात आढळणारे प्रकार त्या सूत्रात धरलेलेच नव्हते. शिवाय आयएनआर हा परिणामच थेट मोजून देतो. म्हणून इथे जनुक-चाचणीपेक्षा तेच पैसे वेळेवरच्या आयएनआरवर घाला.

आयएनआर बिघडवणाऱ्या गोष्टी, वारंवारतेच्या क्रमाने नाही, आठवेल तशा: मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडारोन वाढवतात. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन उतरवतात. अँटिबायोटिक सुरू झालं की ३ ते ५ दिवसांत आयएनआर करायचाच. जुलाब-ताप आला, जेवण तुटलं की वाढतो. पालेभाज्या बंद करू नका. मेथी, पालक, शेपू, चाकवत रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. हिवाळ्यात मेथीची जुडी दहा रुपयांना झाली की आठवडाभर मेथी आणि मग महिनाभर नाही, त्याने आकडा हलतो.

जांभळी_नळी

आयएनआरच्या निळ्या झाकणाच्या नळीत रेघेपर्यंत रक्त भरलं पाहिजे. प्रमाण ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं, रक्त उशिरा गोठतं आणि आयएनआर खोटा चढा येतो. त्यावर डोस कमी केला जातो आणि खरा धोका, म्हणजे व्हॉल्व्हवर गुठळी, तिथून सुरू होतो. आकडा विचित्र आला तर आधी पुन्हा सॅम्पल, मग डोस.

पॅनेल_घ्याच

या सगळ्याला एकच उत्तर असताना एकेक जनुक का मोजता? एकदाच पूर्ण पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र टेस्ट) करून ठेवा, आयुष्यभर कामाला येतं. लॅन्सेटमध्ये २०२३ ला प्रिपेअर अभ्यास आला. सात युरोपीय देश, १२ जनुकांचं पॅनेल, आणि औषधांचे लक्षणीय दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी. अजून काय पुरावा हवा?

गोदाकाठ

अभ्यास चांगला आहे, पण तो वाचताना दोन गोष्टी धराव्या लागतात. एक, त्यातले रुग्ण असे निवडले होते की त्यांना जनुकाशी संबंध असलेलं औषध सुरू होणारच होतं. निरोगी माणसाने हौसेने पॅनेल केलं आणि ३० टक्के फायदा झाला, असा त्याचा अर्थ नाही. दोन, रिपोर्ट आल्यावर तो डॉक्टर-फार्मासिस्टच्या हातात, औषध लिहिताना समोर असण्याची व्यवस्था तिथे होती. आपल्याकडे रिपोर्ट कपाटातल्या फायलीत आणि चिठ्ठी लिहिणारे चार वेगळे डॉक्टर.

पॅनेलला विरोध नाही. ज्यांना कॅन्सर, प्रत्यारोपण, अनेक मानसिक आजारांची औषधं असं लांबचं ताट वाढलेलं आहे त्यांना ते परवडतं. फक्त त्यात एनयूडीटी१५ (अॅझाथायोप्रिनसाठी बघायचं जनुक) आहे का, हे आधी बघा. युरोपसाठी बेतलेल्या जुन्या पॅनेलमध्ये फक्त टीपीएमटी असतं.

पॅनेल_घ्याच

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर अजून बोलू.

आतड्याचं_खातं

एनयूडीटी१५ वरून. अॅझाथायोप्रिन आणि ६-मरकॅप्टोप्युरिन, म्हणजे आतड्याची सूज, ल्यूपस, प्रत्यारोपण, मुलांचा रक्ताचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत टीपीएमटीचा दोष मोठा, आशियाईंत आणि आपल्यात एनयूडीटी१५ चा. दोन्ही प्रती दोषी असतील तर नेहमीच्या २ ते २.५ मिग्रॅ प्रतिकिलो डोसवर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात. अशा माणसात कॅन्सर सोडून इतर आजारांसाठी हे औषध टाळतात. एक प्रत दोषी असेल तर नेहमीच्या ३० ते ८० टक्क्यांवर सुरुवात करून रक्त बघत वाढवतात.

टेस्ट झाली नसेल तर? ५० मिग्रॅवर सुरुवात, पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), नंतर दोन महिने पंधरवड्याला. टेस्ट नॉर्मल आली तरी सीबीसी सुटत नाही. पहिल्या काही आठवड्यांत कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले तर 'शॅम्पू बदला' म्हणू नका, त्याच दिवशी सीबीसी करा. एनयूडीटी१५ दोषात केस आणि पांढऱ्या पेशी साधारण बरोबरीने जातात.

आणि जनुकाशिवायचा सापळा: गाउटसाठी अॅलोप्युरिनॉल. ते अॅझाथायोप्रिनचा निचरा अडवतं. दोन्ही लागणारच असतील तर अॅझाथायोप्रिन चतुर्थांशावर आणावं लागतं. गाउटचंच दुसरं औषध फेबुक्सोस्टॅट सोबत तर घेऊच नये. आतड्याचा डॉक्टर एक, सांध्याचा दुसरा, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही, असं इथेच घडतं.

फीट_आणि_नस

कार्बामाझेपिन. फिट आणि ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याची ती विजेसारखी कळ) दोन्हींत वापरतात. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांत स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडी सोलपटून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. आशियाई वंशाच्या रुग्णांत औषधाआधी तपासावं असं एफडीएने २००७ पासून म्हटलं आहे. भारतात हा प्रकार आग्नेय आशियापेक्षा कमी, पण आहे. पॉझिटिव्ह आला तर कार्बामाझेपिन नाही, ऑक्सकार्बाझेपिनही नाही, आणि फेनिटॉइनसुद्धा टाळलेलं बरं.

टेस्ट निगेटिव्ह म्हणजे अभय नाही. एचएलए-ए*३१:०१ वेगळं असतं, आणि काहीच नसताना पुरळ येणारेही असतात. धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. त्या काळात ताप, घसा, डोळ्यांची आग, तोंडात फोड ही चिन्हं पुरळाच्या आधी येतात. त्या दिवशी गोळी थांबवून थेट दवाखाना. ज्याची गोळी वर्षानुवर्षं विनातक्रार चालू आहे त्याने आता ही टेस्ट करण्यात अर्थ नाही.

लॅमोट्रिजिनचं पुरळ मात्र बरंचसं डोस वाढवण्याच्या वेगावर आणि सोबतच्या गोळीवर अवलंबून. एकटं असेल तर २५ मिग्रॅ रोज दोन आठवडे, मग ५० रोज दोन आठवडे. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर २५ एक दिवसाआड दोन आठवडे, मग २५ रोज दोन आठवडे, कारण व्हॅल्प्रोएट त्याचा निचरा निम्म्यावर आणतं. गावाला जाऊन गोळ्या संपल्या आणि सलग पाच-सहा दिवस खंड पडला, तर परत जुन्याच डोसवर उडी मारायची नाही. डॉक्टरांना विचारून पहिल्या पायरीपासून.

फेनिटॉइनबद्दल एक गणित, कारण याची चूक सर्रास होते. रक्तातली पातळी १० ते २० अपेक्षित. लॅब एकूण फेनिटॉइन मोजते, काम करतं ते अल्ब्युमिनला (रक्तातलं प्रथिन) न चिकटलेलं. अल्ब्युमिन कमी असेल तर आकडा फसवा कमी दिसतो. दुरुस्ती: मोजलेली पातळी भागिले (०.२ × अल्ब्युमिन + ०.१). पातळी ८, अल्ब्युमिन २.० असेल तर ८ भागिले ०.५ = १६. म्हणजे पुरेशी. '८ आहे, वाढवा' म्हणून ३०० चे ४०० केले की माणूस झोकांड्या खायला लागतो, कारण लिव्हरची क्षमता भरली की थोडासा जादा डोस पातळी दुप्पट करतो. ३०० च्या वर वाढवायचं तर २५-३० मिग्रॅने. सॅम्पल पुढच्या गोळीच्या आधी.

सुरगाणा_एसटी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यासाठी दोन गोष्टी.

मलेरिया. व्हायवॅक्स प्रकारात लिव्हरमधले सुप्त परजीवी मारायला प्रायमाक्विन ०.२५ मिग्रॅ प्रतिकिलो, १४ दिवस. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एंझाइम) कमी असलेल्यात याने लाल पेशी फुटतात. राज्यातल्या आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, म्हणून 'आपल्याकडे नसतं' असं धरून चालू नये. स्पॉट टेस्ट स्वस्त आहे, पण दोन ठिकाणी दगा देते. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात कोवळ्या पेशी असतात, त्यांत एंझाइम भरपूर, रिपोर्ट खोटा नॉर्मल. तीन महिन्यांनी परत करा. दुसरं, एकच दोषी प्रत असलेल्या बाया स्पॉट टेस्टमध्ये सुटतात, तिथे आकडा देणारी टेस्ट लागते. टेस्ट करायची सोय नसेल तर निदान पहिले तीन-चार दिवस लघवीचा रंग विचारा. काळ्या चहासारखी झाली की गोळी बंद. कमतरता असलेल्यात गरजच पडली तर ०.७५ मिग्रॅ प्रतिकिलो आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, तेही देखरेखीखाली. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांना प्रायमाक्विन नाही.

टीबी. इथे जनुक बघायचं ते जंतूचं. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टेस्ट थुंकीतून रिफाम्पिसिन चालेल की नाही ते सांगतं. माणसाच्या बाजूने वजन. चार औषधांच्या एकत्र गोळ्या: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५, त्यावर ६. उपचार लागू पडले की वजन वाढतं, पट्टा ओलांडला जातो आणि गोळ्या मात्र पहिल्या दिवशीच्याच चालू राहतात. म्हणून दर महिन्याला काटा.

आयसोनियाझिड तोडणारं एनएटी२ निम्म्याहून जास्त भारतीयांत मंद आहे. मंद लोकांत औषध साचतं, हातापायांना मुंग्या येतात, लिव्हरलाही धोका थोडा जास्त. त्यासाठी जनुक तपासत बसण्याची गरज नाही. पायरिडॉक्सिन सोबत द्या आणि भूक मेली, उलट्या, डोळे पिवळे असं काही दिसलं की लिव्हरची तपासणी.

ठोका_बहात्तर

टीबी आणि अॅसिट्रॉम एकत्र असेल तर एक जोड. रिफाम्पिसिन लिव्हरची एंझाइमं वाढवतं, पूर्ण जोर यायला एक-दोन आठवडे लागतात. अॅसिट्रॉमचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागू शकतो. खरी भीती शेवटी असते. टीबीचा कोर्स संपला, सगळे खूश, आणि अॅसिट्रॉम चढ्याच डोसवर. पुढच्या दोन आठवड्यांत एंझाइमं ओसरतात, आयएनआर चढत जातो. कोर्स संपायच्या तारखेला कॅलेंडरवर दर तीन-चार दिवसांनी आयएनआर अशा खुणा करून ठेवा.

भूलवाली

माझ्या खात्यातलं एकच, पण द्राक्षपट्ट्याशी थेट नातं असलेलं. सक्सिनिलकोलीन हे नळी घालताना स्नायू सैल करायचं औषध. ५ ते १० मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज ते तोडतं. काही घराण्यांत हे एंझाइम जन्मतःच जवळजवळ नसतं. मग माणूस तासन्‌तास श्वास घेऊ शकत नाही आणि तेवढा वेळ व्हेंटिलेटर चालवावा लागतो. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं नोंदलेलं आहे. तपासणी: एंझाइमची पातळी आणि डायब्युकेन नंबर (एंझाइम कितपत दोषी आहे ते सांगणारा आकडा). हा नंबर नॉर्मल ८० च्या आसपास, एक प्रत दोषी असेल तर ४० ते ६०, दोन्ही असतील तर २० च्या जवळ.

आता जनुक ठणठणीत असतानाही हेच एंझाइम खाली जातं ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाने. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. मास्क-हातमोजे न घालता मिलीबगवर, थ्रिप्सवर या गटातलं औषध फवारणाऱ्याला काही त्रास नसला तरी पातळी उतरलेली असू शकते आणि भरून यायला काही आठवडे जातात. मँकोझेबसारखी बुरशीनाशकं या एंझाइमला अडवत नाहीत, म्हणून 'फवारणी केली का' एवढं विचारून भागत नाही, डबा कुठला ते विचारायचं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव सांगा. रोक्युरोनियम हा पर्याय असतो, तो उलटवायला सुगमाडेक्सही असतं.

घरात कुणाला भुलीनंतर 'जाग यायला फार वेळ लागला' असं झालं असेल तर तेही सांगा. ही माहिती फुकट आहे आणि कुठल्याही पॅनेलच्या आधी मिळते.

मिसळपंथी

बिडी-सिगारेटचा काही संबंध? आणि कॅन्सरच्या गोळ्यांचं कुणी लिहिलं नाही.

गोदाकाठ

धुराचा आहे, निकोटिनचा नाही. धुरातली रसायनं सीवायपी१ए२ वाढवतात, त्यामुळे थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन लवकर निघून जातं. दाखल झाल्यावर बिडी एकदम सुटते, आठवड्याभरात पातळी चढते. क्लोझापिनवाल्यात सुस्ती, लाळ, फिटपर्यंत जाऊ शकतं. म्हणून बिडी सोडली हे मानसोपचारतज्ज्ञाला त्याच आठवड्यात कळवायचं. निकोटिनच्या गोळ्या-पॅचने हा परिणाम भरून निघत नाही.

कॅन्सर: कॅपेसिटाबिन आणि ५-एफयू घेण्याआधी डीपीवायडी (ही औषधं तोडणाऱ्या एंझाइमचं जनुक) तपासायचं. युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये याची शिफारस केली. एक प्रत दोषी असेल तर निम्म्या डोसने सुरुवात, दोन्ही असतील तर औषधच नको. नेहमी तपासले जाणारे चार प्रकार मुख्यतः युरोपियनांत सापडलेले आहेत, त्यामुळे इथे निगेटिव्ह आला तरी पहिल्या फेरीत जुलाब, तोंड सोलणं, ताप यांवर डोळा ठेवायचाच. इरिनोटेकॅन हे कॅन्सरचं औषध असेल तर यूजीटी१ए१ हे जनुक.

रविवार_कारंजा

रिपोर्ट आल्यावर करायचं काय, ते कुणी लिहिलं नाही. खिशात मावेल असं कार्ड करा. एका बाजूला जनुक, निकाल, तपासलेले प्रकार, तारीख, आणि कुठली औषधं टाळायची त्यांची मूळ नावं. ब्रँड बदलतात, मूळ नाव बदलत नाही. दुसऱ्या बाजूला पेन्सिलने वजन, क्रिएटिनिन, चालू गोळ्या, कारण हे बदलत राहतं. काढे, गुग्गुळ, हळदीच्या कॅप्सुला, जिममधली पावडर हेही त्यात. ज्येष्ठमधाचा काढा महिनोन्‌महिने चालू असेल तर पोटॅशियम उतरतं आणि डिगॉक्सिन अंगावर येतं, पण लोक ते औषधात मोजत नाहीत.

दुष्परिणाम झाल्याची शंका आली तर तो नोंदवता येतो. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःसुद्धा नोंदवू शकतो. फोन करताना गोळीची पट्टी हातात ठेवा, बॅच नंबर विचारतात. पट्टी कात्रीने कापून गोळ्या देणाऱ्या दुकानातून घेतली असेल तर बॅचचा तुकडा तिकडेच राहिलेला असतो, म्हणून कापताना तो मागून घ्या.